लायसन्सी

वाघोले एजंटाने टीपॉयवर लॅपटॉप उघडला,
शेजारी अंगठ्याचं यंत्र, काडेपेटीएवढं.
"मॅडम, उजवा."

कॅनॉल रोड, कर्वेनगर, दुसरा मजला.
नऊ वर्षांतलं हे सातवं बिऱ्हाड.
विंचवाचं निदान पाठीवर तरी असतं,
माझं टेम्पोत,
वारज्याहून इथवर बाराशे, मजल्याचे वेगळे.

"भाडेकरू म्हणायचं नाही हं," वाघोले म्हणतो,
"तुम्ही लायसन्सी. अकरा महिने.
भाडेकरू म्हटलं की माणसाला मुळं फुटतात."

खासगीवाले काकू समोर बसून
माझं आधार कार्ड पाठपोट वाचतात.
पगार किती, यायला किती वाजतात,
सामान चढवणारा तो कुरळ्या केसांचा भाऊ का,
अंडी?
आडनाव कसलं छान आहे त्यांचं.

यंत्र लाल.
"पुसून परत ठेवा."

काल पहाटे तीनला मेल आला होता.
खेळ ज्या कंपनीचा
तिचा आणखी कुठल्या कंपनीशी असलेला करार संपला,
म्हणून माझ्या यादीतून बेट काढून घेतलं.
बेट. त्यावर घर.
टेकडीच्या उतारावर, दार निळं,
चारशे बारा तासांत मी बांधलेलं.
घर पाहावं बांधून म्हणतात ना, तर पाहिलं.
दगड मी वाहिले,
विहिरीला पाणी लागेना तेव्हा जागा बदलली,
ओट्यासमोर खिडकी घेतली, कारण
आजवरच्या सगळ्या स्वयंपाकघरांत
ओट्यासमोर भिंत होती.
आणि खिळे. वाट्टेल तिथे खिळे.
एका भिंतीवर तर नुसतेच, काही न टांगता, एकोणीस.

बटणावर "विकत घ्या" लिहिलेलं होतं.
चौदाशे नव्व्याण्णव, दिवाळीच्या सेलमध्ये.
"राहून बघा" असं नव्हतं.
ते आत होतं, एकेचाळीस पानांच्या पोटात,
जी मी याच अंगठ्याने खाली सरकवली
आणि म्हटलं, मान्य.

तक्रार केली. उत्तर आलं,
प्रिय ग्राहक, आपला अनुभव आम्हाला मोलाचा आहे.
असणारच.
कितीला खेळायला बसते, कितीला उठते,
हेडफोनमधून कोणाशी काय बोलते,
आणि बाबा आयसीयूत होते त्या रात्री
मी त्या ओट्यापाशी पाऊण तास
नुसती उभी होते, एक बटण न दाबता,
तेही असेल त्यांच्याकडे, वेळेसकट.
माझं उभं राहणं ठेवून घेतलं.
ओटा नेला.

यंत्र लाल.
"तेल लावा थोडं," वाघोले म्हणतो.
काकू उठून खोबरेल आणतात,
थेंबभर, मोजून.

मी सातवीत असताना
चुलतभाऊ सौमित्र तपकीर गल्लीतून
चाळीस रुपयांची सीडी आणायचा,
नाव मार्करने, तेही चुकलेलं.
चोरीचा माल. सासवडला ट्रंकेत आहे अजून.
मागच्या गणपतीत जुन्या पीसीत घातली
तर गुरगुरत सुरू झाली,
माझं नाव न विचारता, जन्मतारीख न विचारता.
पैसे मोजलेलं गेलं, चोरलेलं राहिलं.
हे काकूंना सांगण्यात अर्थ नाही.

यंत्र लाल.
"भांडी तुम्हीच घासता का? रेषा झिजल्यात."
हो म्हणाले.
भांडी नव्हेत.
ती छोटी दांडी अंगठ्यानेच ढकलावी लागते
त्या बेटावर चालायचं असलं की,
विहिरीपर्यंत, परत, पुन्हा विहिरीपर्यंत.

चौथ्यांदा हिरवा.
वाघोलेने फोटो काढला, मी हसायच्या आत.
काकूंनी किल्ली पुढे केली, सोडली मात्र नाही.
"भिंतींना नवा रंग दिलाय. खिळा एकही नको."

"नाही," म्हटलं,
"खिळे सगळे मागच्या घरी राहिले."